तेलमामांच्या खिशातला फ्यूज

तेलमामांच्या अंगाला कायम मशीनच्या तेलाचा वास. त्यावरूनच नाव पडलं, आणि असं चिकटलं की बायकोसुद्धा "अहो तेलमामा" म्हणायची. सरहद्दीपलीकडच्या देशाने अणुबॉम्ब केला, तसं जगाने त्याच्याशी बोलणं टाकलं. तरी आपल्याकडच्यांनी तिथे शर्टांचा कारखाना काढलाच. मशिनं आपली, हात त्यांचे. मामा रोज बसने दुरुस्तीला जात.

"पाडा, बॉम्बवाल्यांच्या शर्टांना काजं पाडा!" डबा भरताना बायकोचा टोमणा ठरलेला.

"अगं, ज्या मशीनवर घर चालतं, ते उडवायला माणूस दहादा विचार करतो."

तिथे नियम कडक: एकमेकांशी बोलायचं ते फक्त कामाचं. तिकडची मुकादमबाई सुई-दोऱ्यापलीकडे कधी शब्द बोलली नव्हती. पण मामा खोकले, की त्यांच्या स्टुलाशी गरम पाण्याचा पेला हजर!

एका सकाळी पलीकडे पुन्हा बॉम्बची चाचणी झाली. लगेच हुकूम: कारखाना बंद, पाहुण्यांनी निघा. बसमध्ये मामांनी रुमालासाठी खिशात हात घातला आणि गारच पडले. हाताला फ्यूज लागला! मशीन उघडण्याआधी फ्यूज काढून खिशात टाकायचा, म्हणजे कुणी चुकून ते चालू करणार नाही, ही त्यांची जुनी सवय. आता तिकडचे अधिकारी एकेक मशीन चालवून ताब्यात घेणार. बंद निघालं, तर घातपाताचा आळ मुकादमबाईवर.

"दारावरच्या शिपायाकडे द्या ना," ड्रायव्हर म्हणाला. "सरहद्दीचं फाटक बंद झालं तर इथलेच व्हाल!"

"शिपायाकडे दिला की चोरी ठरेल. आणि चोर कोण? मशिनं मुकादमबाईच्या ताब्यात, म्हणजे तीच."

मामा उतरले. शिपायाने बंदूक रोखली. "कुठे?"

"काम अर्धं राहिलंय."

"कारखाना बंद झालाय!"

"म्हणूनच तर. अर्धवट मशीन ताब्यात कसं देऊ?"

शिपाई बंदूक रोखूनच मागोमाग आला. आत अधिकारी त्याच मशीनचं पेडल पुन्हापुन्हा दाबत होता. समोर मुकादमबाई, चेहरा पांढराफटक.

"साहेब, मीच बंद ठेवलंय," मामा घुसले. घाईत फ्यूज एकदा निसटलासुद्धा. मग बसला. मशीन घरघरलं.

अधिकाऱ्याने दोघांकडे रोखून पाहिलं. बाहेर बसचा हॉर्न वाजत होता. "जा."

मामा वळले, तोच मुकादमबाईने चिंधीवर एक शिवण मारली आणि उजेडात धरली. "मामा, टाका सैल पडतोय."

मामांनी पाहिलं. टाका चांगला घट्ट होता.

"म्हणजे?" अधिकारी गुरकावला.

"म्हणजे दुरुस्ती राहिली, साहेब. यांना परत यावं लागेल."

"येतो की!" मामांनी आपला पेचकस तिच्या टेबलावर ठेवला आणि बसकडे धूम ठोकली. अधिकाऱ्याने पेचकसाकडे पाहिलं; उचलला मात्र नाही.