सहा भोकांचा डबा

शनिवार पेठेतल्या शमशुद्दीनचाचांचे हात थरथरायला लागले, तेव्हा त्यांच्या गिऱ्हाइकांनी फार सभ्यपणा दाखवला. एकेकाने दाढी वाढवली. काही महिने पेठेत एवढे विरक्त लोक कुठून आले, असं वाटत होतं. मग तेच लोक पुढच्या गल्लीतून तुळतुळीत होऊन यायला लागले, तेव्हा चाचांनी वस्तरे पुसून पेटीत ठेवले आणि दुकान पुतण्याच्या हवाली केलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "लोकांची तोंडं बघून कंटाळा आला होता."

त्यांची मुलगी मेहरुन मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि घरात दोघंच होती. आईचा एकही फोटो नव्हता. त्यामुळे तिचं नाक कसं होतं, यावर बापलेकीचं एकमत होईना. अब्बा म्हणत सरळ, मेहरुन म्हणे शेंड्याला जरा बसकं. वाद चिघळला की अब्बा म्हणायचे, "लग्न मी केलं होतं का तू?" अब्बांच्या नाकावरून पुढे असं कुणाशी भांडावं लागू नये, म्हणून मेहरुन त्यांना फोटो स्टुडिओत घेऊन गेली.

स्टुडिओवाला म्हणाला, "चाचा, हलू नका."

"मी हलत नाही. हात हलतोय. त्याला सांगा."

"अहो, असं केलंत तर फोटो कसा निघणार?"

"नाही निघाला तर राहील," म्हणून अब्बा उठले, टोपी घातली आणि घरी आले. पुन्हा फोटोचं नाव काढू दिलं नाही.

त्याच वर्षी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात गोपाळकृष्ण सरांनी पत्र्याच्या डब्याचा कॅमेरा मांडला होता. भिंग नाही, चाप नाही. आत काळा रंग, मागच्या बाजूला फोटोचा कागद आणि पुढे सुईने पाडलेलं एक भोक. मेहरुनने तो खालूनवरून पाहिला आणि विचारलं, "याने माणसाचा फोटो निघतो?"

"निघतो. उन्हात तीनचार मिनिटं बसवा."

"माणूस हलणारा असेल तर?"

सर म्हणाले, "बाई, हलणाऱ्या माणसासाठी हा जगातला सगळ्यात निरुपयोगी कॅमेरा आहे."

"पण हा 'हलू नका' म्हणत नाही ना?"

सरांनी तिला फोटोच्या कागदाचं पाकीट आणि कागद धुवायची दोन रसायनं दिली.

सुईचं काम तिला कोणी शिकवायला नको होतं. बिस्किटांचा चपटा डबा घेतला, आतून काळा रंगवला आणि हिशोब केला. एका भोकातून आत येणारा उजेड थोडा, म्हणून वेळ जास्त लागतो. भोकं वाढवली तर उजेड वाढेल आणि वेळ कमी होईल. तिने नऊ भोकं पाडली, जवळजवळ, शर्टाच्या काजाला टाके घालावेत तशी. ओट्यावर बसलेल्या अब्बांसमोर डबा ठेवला आणि मग मोरीत लाल दिवा लावून कागद धुतला. राखाडी धुक्यात नऊ अब्बा एकमेकांच्या मांडीवर बसले होते.

कागद बघून सर म्हणाले, "भोकं वाढवली की चित्रं वाढतात. शहाणपण नाही."

मेहरुनला राग आला, पण चित्रं वाढतात हे वाक्य डोक्यात राहिलं. चित्रं वाढत असतील तर तीच हवी होती. एका बैठकीत पुष्कळ संधी, आणि मध्ये कागद बदलायला अंधारात पळायला नको. तिने काळ्या पुठ्ठ्याच्या भिंती घालून डब्याचे सहा कप्पे केले, पानाच्या डब्यात असतात तसे. प्रत्येक कप्प्याला एक भोक आणि प्रत्येक भोकावर काळ्या चिकटपट्टीचं दार. भिंत आणि पत्रा यांच्यात फट राहिली की शेजारच्या कप्प्यात उजेड शिरायचा. दोन डबे वाया गेले. तिसऱ्यात फटींवर मखमलीची चिंधी चिकटवली, तेव्हा जमलं.

रविवारी सकाळी ऊन ओट्यावर आलं. मेहरुनने समोरच्या स्टुलावर डबा मांडला.

"काय आहे त्यात?" अब्बांनी विचारलं.

"शेवया. ऊन दाखवतेय."

"झाकण लावून?"

"मुंग्या होतात."

अब्बांनी मान डोलावली. त्यांनी चहा प्यायला, ती पहिली पट्टी. रेडिओ कानाशी धरला, ती दुसरी. शेजारच्या नसीमबानूशी नळाच्या पाण्यावरून बोलले, ती तिसरी. चौथ्या वेळी डुलकी लागली, पण झोपेत मान लटकली. पाचव्या वेळी त्यांनी नुसतं समोर पाहिलं. हात गुडघ्यावर होता आणि गुडघ्यासकट हलत होता. मेहरुनने पाचवी पट्टी लावली आणि सहावीला हात घातला.

"शेवयांना अजून किती वेळ?" अब्बांनी विचारलं.

"आता एकदाच."

अब्बांनी टोपी नीट केली. मग दोन्ही हात मांड्यांखाली सारले आणि त्यांच्यावर बसले. तीनचार मिनिटं ते डब्याकडे बघत राहिले. मेहरुन दाराशी उभी होती. पट्टी लावायला तिला जरा उशीर झाला.

सहाही चित्रं आली. सहावं सगळ्यात स्वच्छ होतं. टोपी, मिशा, सरळ नाक आणि हातांविना एक म्हातारा, वर्गात शिक्षा झाल्यासारखा. अब्बांनी चष्मा लावून कागद बराच वेळ पाहिला.

"शेवया चांगल्या झाल्यात," ते म्हणाले.

"हा सहावा मोठा करून घेते."

"हा नको. याला हात नाहीत. हात नसलेला न्हावी कोणी पाहिलाय?" त्यांनी चहाच्या चित्रावर बोट ठेवलं. बोट कागदावर टकटक वाजलं. चित्रात चेहरा बऱ्यापैकी होता, पण कपाच्या जागी धुराचा लोट होता आणि त्यातच कुठेतरी दोन्ही हात होते. "हा लाव. यात मी आहे."

मेहरुनने तो फोटो चौकटीत घालून पुतण्याच्या दुकानात आरशाच्या वर लावला. जुनी गिऱ्हाइकं खुर्चीत बसून वर बघत आणि विचारत, "चाचांच्या हातात ते काय?"

अब्बा दुपारी बाकावर पेपर वाचत बसलेले असत. ते पान उलटायचे आणि सांगायचे, "साबणाचा फेस."