शेळीनं खाल्लेले अकरा पेपर

पेपरांचा गठ्ठा माझ्या हातात होता, हे आधीच कबूल केलेलं बरं. या सगळ्या प्रकरणात माझं कर्तृत्व तेवढंच. बाकीचं सुकन्या गडदेचं.

सुकन्या परळीत आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर व्यवसाय सांख्यिकी शिकवते आणि मी मराठी. ती मूळची धर्मापुरीकडची. वडील राधाकिशन जन्मभर शेळ्यांमागं रानोमाळ हिंडलेले. आई छबुबाई गावातल्या शेळीपालक बायकांच्या गटाची अध्यक्ष. सुकन्या दिसायला लहानखुरी, पण बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायचीही सवड मिळत नाही. एखादी कल्पना सुचली आणि जवळ कागद नसला तर ती तळहातावर लिहिते. तळहात भरला की शेजाऱ्याचा मागते. माझ्या हातावर एकदा तिनं प्रमाण विचलनाचं सूत्र लिहिलं होतं. मी ते दोन दिवस पुसलं नाही, कारण आयुष्यात पहिल्यांदा गणित माझ्या इतक्या जवळ आलं होतं.

पीएच.डी.साठी तिनं विषय घेतला होता तो हाच, की व्यवसाय सांख्यिकी शिकवावी कशी. त्याचं मूळ एका तासात होतं. तिनं वर्गातल्या पप्पूला विचारलं, "सरासरी म्हणजे काय?" पप्पूनं डोळे मिटून व्याख्या म्हणून दाखवली, स्वल्पविरामासकट.

"शाब्बास. आता सांग, या वर्गाची सरासरी उंची अंदाजे किती असेल?"

पप्पूनं वर्गाकडं बघितलं, पुस्तकाकडं बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, ते पुस्तकात न्हाई."

पुस्तकात विजेच्या बल्बचा कारखाना होता. बल्ब किती तास टिकतो, त्याची सरासरी काढा. आमच्या पोरांनी औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या जन्मापासून बघितलेल्या, पण बल्बचा कारखाना एकानंही पाहिलेला नव्हता. सुकन्या स्टाफरूममध्ये आली ती मोबाईलवर कसलेसे शोधनिबंध उघडूनच. "सर, जगभर हीच बोंब आहे! पोरं सूत्र पाठ करतात आणि सहा महिन्यांत विसरतात. लोक म्हणतात, त्यांना खरा प्रश्न द्या, आकडे त्यांनाच गोळा करू द्या. यावर माणसांनी उभी हयात घातलीय, सर!" तिचा आनंद असा, की त्या माणसांना ती संध्याकाळी भेटायलाच निघाली असावी.

खरा प्रश्न घरूनच चालत आला. छबुबाईच्या गटाकडं एका मोठ्या व्यापाऱ्यानं विचारणा केली होती, की तुमच्या शेळ्यांचं सरासरी वजन किती भरतं? गटाच्या शेळ्या होत्या चारशे बारा. छबुबाई फोनवर वैतागून म्हणाली, "आता समद्या तोलायच्या म्हंजी आठ-दहा दिस बायांनी कामधंदा सोडून काट्याखाली बसायचं का?"

"माय," सुकन्या ओरडली, "एकीलाबी हात लावू नको! मी वर्ग घेऊन येते."

तिच्याकडं बी.कॉम.च्या दोन तुकड्या होत्या. 'अ' तुकडीला तिनं नेहमीसारखं पुस्तकातून शिकवायचं, 'ब' तुकडीला शेळ्यांवरून, आणि तीन आठवड्यांनी दोन्हींना एकच पेपर द्यायचा. 'अ'ची पोरं रुसली. त्यांनाही पेपर झाल्यावर शेळ्यांकडं नेईन, असं वचन तिला द्यावं लागलं. मला तिनं मदतनीस म्हणून ओढलं. "सर, तुम्हाला यातलं काहीच कळत नाही, म्हणून तुम्ही पक्षपात करणार नाही." याहून सुरेख शब्दांत माझा गौरव आजवर कुणी केलेला नाही.

धर्मापुरीला पोचलो तर छबुबाईनं चाळीस शेळ्या आधीच वेगळ्या काढून ठेवलेल्या. काळ्याभोर, तुकतुकीत, एकेकीच्या अंगावर तेल लावल्यासारखी चमक. गळ्यात घुंगरू. लटकत्या काट्याला गोणपाटाची झोळी बांधून पोरांनी सगळ्या तोलल्या. सरासरी आली छत्तीस किलो.

"माय, ह्या कुणी निवडल्या?"

"मीच की. पाव्हण्याफुडं चांगल्याच काढायच्या असत्यात."

सुकन्यानं कपाळाला हात लावला आणि लगेच आनंदानं उडीच मारली. "पोरांनो, बघा! यालाच म्हणतात पूर्वग्रहाचा नमुना! माझ्या आईनं प्रेमानं केलेला!" छबुबाईला हे कौतुक आहे की शिवी, ते कळेना. तिनं दोन्ही शक्यता धरून अर्धंच हसून घेतलं.

मग सगळ्या शेळ्यांना रंगानं आकडे घातले गेले, चारशे बारा चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकल्या आणि डबा संस्कृतीच्या हातात दिला. संस्कृती ही वर्षभरात वर्गात तोंडातून चकार शब्द न काढलेली मुलगी. हजेरीलाही ती फक्त हात वर करायची. तिनं चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. आठवी चिठ्ठी निघाली दोनशे सात. दोनशे सात म्हणजे ताराबाईची लंगडी, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी शेळी.

ताराबाई पुढं आली. चारचौघांत तिचा चेहरा पडला होता. "तिला कावून काढली? टाका ती चिठ्ठी माघारी. दुसरी घ्या."

पोरं सुकन्याकडं बघायला लागली. सुकन्या काही बोलणार तेवढ्यात संस्कृतीचा आवाज आला. आम्ही तो पहिल्यांदाच ऐकत होतो, त्यामुळं बोलतंय कोण हे कळायला क्षणभर लागला.

"मावशी, ही काढून टाकली तर समदंच खोटं व्हईल. गावात हिच्यासारख्या आणिक बी असतील न्हवं? त्यांच्या वतीनं ही आलीय."

ताराबाईनं शेळीकडं बघितलं. एवढा मान त्या शेळीला कुणी दिला नव्हता. "आसं हाय व्हय," ती म्हणाली आणि स्वतः उचलून तिला झोळीत बसवलं. सुकन्यानं माझा दंड इतका जोरात दाबला की वळ उठला. "सर, पुस्तकात याला चार पानं लागतात," ती कुजबुजली. "चार पानं!"

चिठ्ठ्यांनी निघालेल्या चाळीस शेळ्यांची सरासरी आली एकोणतीस किलो चारशे ग्रॅम. छत्तीसवरून एकदम इथं. बायकांना ते पटेना. चारशे बारा शेळ्या असताना चाळीस तोलून कसं कळेल? छबुबाईनं तर मुलीला तोंडावर सांगितलं, "तुझी चिठ्ठी येडी हाय." आणि खात्री करून घ्यायला म्हणून त्या बायकांनी नऊ दिवस खपून, कामधंदा सांभाळून, सगळ्याच्या सगळ्या शेळ्या तोलल्या. 

दहाव्या दिवशी भर तासाला सुकन्याचा फोन वाजला. तिनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"सुके," छबुबाई म्हणाली, "एकोणतीस किलो सातशे भरलं गं समद्यांचं. तुजी चिठ्ठी शानी निघाली."

त्यानंतर त्या वर्गात जे झालं त्याला तास म्हणता येणार नाही. पोरं बाकांवर चढली. पप्पूनं फळ्यावर तीनशे ग्रॅम असं लिहून त्याला हार काढला. एवढीच चूक! चारशे बारातल्या चाळीस तोलून फक्त तीनशे ग्रॅमची चूक! शेजारच्या वर्गातले प्राध्यापक भांडण लागलं समजून धावत आले आणि त्यांनाही पोरांनी ते सगळं पहिल्यापासून सांगितलं, सगळ्यांनी एकदमच.

तीन आठवड्यांनी पेपर झाला. चाळीस गुणांचा, दोन्ही तुकड्यांना एकच. त्याच दुपारी प्राचार्य मोहनरावांनी या प्रयोगाच्या बातमीसाठी वार्ताहराला बोलावलं होतं, म्हणून छबुबाई छोट्या हत्ती टेम्पोतून सात-आठ शेळ्या घेऊन कॉलेजच्या मैदानात हजर होती. त्यांत एक होती कलेक्टरीण. चालताना ती मान अशी ताठ ठेवायची की समोरच्यानं बाजूला व्हावं, म्हणून हे नाव. पेपर गोळा करून मी चाललो होतो. कुणीतरी म्हणालं, "सर, तुमीबी या की फोटोत." मी गठ्ठा लिंबाखालच्या ओट्यावर ठेवला, केस नीट केले आणि हसलो. फोटो चांगला आलाय. माझ्या मागं, ओट्यावर, कलेक्टरीण जेवताना दिसते.

आम्ही पोचेपर्यंत अकरा पेपर पोटात गेले होते. अकराही 'ब' तुकडीचे. छबुबाईनं शेळीचं तोंड उघडून बघितलं, पण आत उरला होता फक्त एका कोपऱ्याचा तुकडा, त्यावर "म्हणून" एवढाच शब्द.

मला वाटलं सुकन्या रडेल. एवढ्या महिन्यांचं काम. ती ओट्यावर बसली, पदरानं तोंड झाकलं आणि तिचे खांदे हलायला लागले. मी पाणी आणायला वळलो तेव्हा कळलं, ती हसतेय. हसू आवरेना. तिचं बघून छबुबाई हसली, पोरं हसली, वार्ताहर हसला. शेवटी मीही.

पेपर तपासले गेले. 'अ'ची सरासरी बावीस. 'ब'च्या उरलेल्या बावीस जणांची एकोणतीस. सात गुणांचा फरक! मोहनरावांनी ते ऐकलं आणि वार्ताहराला फोन लावूनही झाला. सुकन्या मात्र उरलेले पेपर पुन्हा चाळत होती. मग मला म्हणाली, "सर, गठ्ठा कसा रचला होता तुम्ही?"

"रचला कसला. 'अ'चे खाली, 'ब'चे वर, आणि पेपर येत गेले तसे एकावर एक ठेवले."

"म्हणजे शेवटी आलेले सगळ्यांत वर. आणि शेळीनं खाल्ले ते वरचे."

"हो. का?"

"शेवटपर्यंत कोण बसून होतं?"

मी आठवलं. शेवटपर्यंत बसले होते ते पेन चावणारे. ज्यांना काही सुचत नव्हतं ते.

"झालं तर," ती म्हणाली. "शेळीनं कच्ची पोरं खाल्लीत, सर. उरले ते हुशार. हे सात गुण खरे नाहीत. मायनं निवडून काढलेल्या चाळीस शेळ्यांसारखंच हे."

मोहनराव वाईट माणूस नाहीत, पण बातमी छापायला गेली होती. ते म्हणाले, "मॅडम, शेळीनं खाल्ले त्यात तुमचा काय दोष? जे उरलं ते उरलं. सात तर सात."

"सर, मी त्या पोरांना काय शिकवलं मग?" ती म्हणाली. "दोनशे सात नंबर झोळीत बसवायला शिकवलंय मी. माझ्या वेळी कशी काढून टाकू?"

मोहनरावांनी स्वतः वार्ताहराला फोन करून आकडा थांबवला, आणि त्या दिवसापासून मी त्यांना जरा अदबीनं नमस्कार करतो.

तिनं अकरा जणांसाठी तितकाच अवघड दुसरा पेपर काढला. पोरं कुरकुरत आली. त्यांची सरासरी आली वीस. सगळे धरून 'ब' तुकडी सव्वीसवर आली. फरक उरला चार गुणांचा. सुकन्यानं चारच लिहिले. दुसरा पेपर तो दुसरा पेपर, पहिल्याशी त्याची तंतोतंत बरोबरी होत नाही, हेही लिहिलं. शिवाय एका कॉलेजातल्या दोन वर्गांवरून जगाबद्दल बोलू नये, असंही. मी म्हटलं, अहो, एवढं कबूल केल्यावर उरलं काय? ती म्हणाली, "चार गुण, सर! खरेखुरे चार!" आणि माझा हात पुढं ओढून त्यावर मोठ्ठा चार काढला.

निबंध तिनं संभाजीनगरच्या परिषदेत वाचला. सोबत मी, छबुबाई आणि संस्कृती. पडद्यावर वाक्य आलं, "अकरा उत्तरपत्रिका शेळीने खाल्ल्यामुळे उपलब्ध होऊ शकल्या नाहीत." सभागृहात आधी खसखस, मग गडगडाट. पहिल्या रांगेतले एक म्हातारे प्राध्यापक चष्मा पुसत उभे राहिले. सगळे शांत झाले.

"बाई, प्रश्न महत्त्वाचा आहे," ते म्हणाले. "या नोंदी यादृच्छिकपणे गहाळ झाल्या का? की शेळीनं निवड केली?"

सुकन्यानं गठ्ठ्याचा क्रम, पेन चावणारी पोरं, दुसरा पेपर, सातचे चार कसे झाले, सगळं एका दमात सांगितलं. म्हाताऱ्यांनी मान हलवली. "चाळीस वर्षं मी हे शिकवतो. इतकं स्वच्छ उदाहरण मला कधी मिळालं नाही." मग छबुबाईकडं वळून विचारलं, "शेळी बरी आहे ना?"

"तिला काय व्हतंय," छबुबाई जागेवरूनच म्हणाली. "दोन पिलं झाली."

टाळ्या किती वेळ वाजल्या ते मोजायचं राहून गेलं. निबंध छापून आला, सुकन्या डॉक्टर गडदे झाली. तासिका तत्त्व अजून सुटलेलं नाही, पण आता तिच्या तासाला दुसऱ्या वर्गांची पोरं खिडकीत उभी राहतात.

यंदा सुकन्या आणि तिच्या पोरांनी आठवडी बाजार धरलाय. बबिता नावाच्या कासारणीनं विचारलं होतं, की कोणत्या मापाच्या बांगड्या जास्त भराव्यात? पोरींनी बाजारात नव्वद हातांची मापं घेतली. पप्पूनं झपाझप सरासरी काढली आणि ऐटीत बबितासमोर ठेवली. ती बांगड्यांच्या दोन मापांच्या कुठंतरी मधोमध होती.

बबितानं कागदाकडं बघितलं आणि पप्पूकडं बघितलं. "आरं बाबा, ह्या मापाची बांगडीच येत न्हाई. आन् आसला हात घिऊन माज्याकडं कुणी आलंबी न्हाई. लई बाया कोन्च्या मापाच्या आल्या, तेवडं सांग."

"बहुलक!" संस्कृती किंचाळली. "मॅडम, हिला बहुलक पायजे! सगळ्यात जास्त वेळा आलेलं माप!"

सुकन्या भर बाजारात टाळ्या पिटत होती. पप्पू जमिनीवर बसून पुन्हा मापं मोजायला लागला, आणि बबितानं, आपण असं काय मोठं बोललो हे न कळून, संस्कृतीचा हात ओढला आणि त्यात हिरव्या बांगड्या भरायला घेतल्या.