रविवारची गाडी

बस डेपोत त्याला सगळे 'दहा आज्ञा' म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. "दहा आज्ञा आला रे, सिगारेटी विझवा!" तो चिडायचा नाही. उलट आतून सुखावायचा, ते कशाला लपवा? तीस वर्षं बस चालवली, पण दारूचा थेंब नाही, शिवी नाही, खोटी सही नाही. माणूस नाकासमोर चालणारा. आणि बायबलमधल्या दहा आज्ञांप्रमाणे रविवार म्हणजे देवाचा. त्या दिवशी काम बंद, बाजार बंद, कुठल्याही गाडीत पाय ठेवणं बंद. चर्चला जायचं तेही पायी.

हे वळण आईचं. लहानपणी एका रविवारी तो शेजाऱ्याच्या ट्रकमधून चक्कर मारून आला, तेव्हा तिने त्याला पट्टीने सोलून काढलं होतं. "देवाच्या दिवशी हुंदडतोस?" तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला.

पुढे त्याच आईचं मांडीचं हाड मोडलं आणि तिला वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. तो वृद्धाश्रम त्याच्याच बसच्या रस्त्यावर, स्टॉपच्या बरोबर समोर. पण घरापासून अठरा किलोमीटर, आणि भेटीची वेळ एकच, रविवारी तीन ते पाच.

म्हणजे बघा, सहा दिवस हा गृहस्थ दिवसातून चार वेळा आईच्या खिडकीखालून जायचा. ती खिडकीत बसून हात हलवायची. हा नुसता वर बघायचा. स्टिअरिंगवरचा हात सोडायचा नाही हा नियम, आणि हॉर्न वाजवू नका अशी तिथे पाटीच होती. अर्ध्या मिनिटात कंडक्टर बेल द्यायचा की निघाला.

त्याची ताई मात्र दर रविवारी दोन बस बदलून जायची.

"अरे, एकदा तरी ये."

"ताई, देवाची आज्ञा आहे."

"आणि आईबापाचा मान ठेवायचा, ती काय तुझ्या डेपोने काढलीय?"

"ती पाचवी. रविवारची चौथी. आधी चौथी."

ताईने कपाळावर हात मारला. "मग वृद्धाश्रमाच्या मॅनेजरबाईंना विचार, मधल्या एखाद्या दिवशी भेटू द्या म्हणून."

"नियम सगळ्यांना सारखा. माझ्यासाठी कशाला मोडायचा?"

धन्य आहे! देवाचे नियम पुरेनात म्हणून हा मॅनेजरबाईंचेही पाळायला निघाला.

तिसऱ्या वर्षी ताई निरोप घेऊन आली. "आई म्हणते, लहानपणी मी तुला उगाच मारलं. रविवारी गाडीत बसलं तर चालतं. पाप लागलंच तर मला लागू दे म्हणाली, पण ये."

तो म्हणाला, "आईचं डोकं आता ठिकाणावर नाही, ताई. असलं ती कधी बोलली नसती." आणि गुडघे टेकून त्याने आईसाठी प्रार्थना केली. अगदी मनापासून केली. त्याचीच तर जास्त चीड येते.

आई गेली ती शनिवारी. दफन रविवारी संध्याकाळी ठरलं. चर्चच्या शववाहिकेचा ड्रायव्हर रविवारी सुट्टीवर असायचा. पाळक म्हणाले, "तूच आण आईला. तुझ्यासारखा ड्रायव्हर कुठे मिळणार?"

"पण पाळकसाहेब, आज रविवार..."

"अरे, प्रेमाच्या कामाला देव कधी नाही म्हणालाय का?"

इतकं सोपं होतं. तीन वर्षांत हे त्याने त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. नियम माहीत असलेल्या माणसाने विचारायचं तरी काय?

गाडी घेऊन तो वृद्धाश्रमात पोचला. मावशी, म्हणजे तिथल्या आया, त्याला वर घेऊन गेल्या. चादरीखाली आई होती. पायाशी ताई उभी होती, तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खिडकीजवळ दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या होत्या.

"ही दुसरी कोणाची?" त्याने विचारलं.

"तुमची. दर रविवारी मांडून घ्यायच्या. काल सकाळीसुद्धा आठवण केली, उद्याची खुर्ची विसरू नका म्हणून. ताई आल्या तरी त्यांना पलंगावर बसवायच्या."

तो उभाच राहिला. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मावशींना त्याची दया आली असावी.

"बसा ना," त्या म्हणाल्या. "पाचपर्यंत वेळ आहे भेटायची."