जिराफाच्या खुराखाली

माझे दाजी बोहल्यावर उभे होते, मंगलाष्टकं संपत आली होती, आणि गुरुजींनी मनगटावरच्या घड्याळात डोकावून "सावधान" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात अंतरपाटाच्या पलीकडून नवरदेवाचा आवाज आला. "गुरुजी, तुमचं घड्याळ दीड मिनिट पुढे आहे." मांडव हसला. गुरुजींनी आणखी एक मंगलाष्टक म्हणून दीड मिनिट भरून काढलं. माझी बहीण स्मिता हार हातात धरून उभी होती. त्या दीड मिनिटात पळून जाता आलं असतं, असं ती अजून म्हणते.

दाजींचं नाव जयप्रकाश. कराडहून भोसरीला आणि भोसरीहून बहरीनला आले, त्याला आता चौदा वर्षं झाली. ज्या लॅबमध्ये ते काम करतात तिथे मापं घेणाऱ्या वस्तूंचीच मापं घेतली जातात. कारखान्यांचे वजनकाटे, प्रेशर गेज, थर्मामीटर असलं सगळं त्यांच्या टेबलावर येतं. बरोबर निघालं तर हिरवं स्टिकर, चुकीचं निघालं तर लाल. हे काम ऑफिसात ठेवून घरी यावं, तर तेवढं मात्र त्यांना जमलं नाही. सनद भागातल्या त्यांच्या घरात पोळीच्या कणकेच्या काट्यावर हिरवं स्टिकर आहे, तापाच्या थर्मामीटरवर आहे. भिंतीवरच्या घड्याळावर लाल आहे, पण ते स्मिताच्या सासूबाईंनी दिलेलं असल्यामुळे लाल स्टिकरासकट टिकून आहे. मी शुक्रवारी सनाबिसच्या माझ्या घरून जेवायला गेले की विचारतात, "सनाबिसहून किती वेळ लागला?" मी "वीसेक मिनिटं" म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. त्या 'एक'चं काय करायचं ते त्यांना कळत नाही.

अशा माणसाच्या पोटी स्पृहा जन्माला आली. आठ वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते, आणि वर्षभर तिला एकच ध्यास होता, तो म्हणजे बिबट्या.

सखीरच्या रस्त्याला एक पार्क आहे. तिथे सगळे पाळणे प्राण्यांचे. कासवांची आगगाडी, मगरीच्या पोटातून जाणारी होडी, शिवाय एका कोपऱ्यात खरे ससे आणि खऱ्या बकऱ्या. सगळ्यात उंच आणि सगळ्यात भीतीदायक तो बिबट्या. त्याच्या पाठीवर बसलं की तो आधी सावकाश वर चढतो आणि मग तिथून खाली झेप घेतो. रांगेच्या तोंडाशी लाकडी जिराफ उभा आहे. त्यानं पुढचा एक पाय आडवा उचललाय. त्या खुराला डोकं लागलं तरच आत सोडतात. माप एकशेवीस सेंटिमीटर. गेल्या वर्षी स्पृहा खुराखालून सरळ पलीकडे निघून गेली होती आणि गाडीत घरापर्यंत रडली होती.

मग वर्षभर तिनं दूध नाक न मुरडता प्यायलं. दाराच्या चौकटीला लोंबकळली. दर महिन्याच्या एक तारखेला दाजी तिला भिंतीला उभी करून डोक्यावर गुण्या ठेवून उंची घेतात. सुताराचा गुण्याच, पुस्तकबिस्तक नाही, कारण पुस्तक कललं तर माप चुकतं. पण यंदा नोव्हेंबर-डिसेंबरात तिनं त्यांना जवळ येऊ दिलं नाही. "नो, बाबा. ओन्ली जिराफ." दाजींनी तिचा शब्द मानला. पण दोन महिन्यांची नोंद रिकामी राहिली म्हणून ते हळहळत होते.

बहरीनच्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत आम्ही चौघं निघालो. निघताना स्मितानं दाजींचे खिसे तपासले आणि स्टीलची टेप काढून टेबलावर ठेवली. "आज तुम्ही बाप म्हणून यायचं, अहो. इन्स्पेक्टर घरी राहू दे." दाजी हसले आणि टेपेकडे एकदा मागे वळून बघत गाडीत बसले.

पार्कच्या फाटकावर पाटी होती, बाहेरचं खाणं आणू नये. स्मितानं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी टॉवेलाच्या घडीत अशी बसवली होती की कुणाच्या बापाला सापडली नसती. पण रखवालदारानं बॅगेला हात लावायच्या आतच दाजी म्हणाले, "उस में आठ दशमी है." रखवालदाराला दशमी म्हणजे काय ते कळेना. दाजींनी टॉवेल उलगडून दाखवला. त्यानं वास घेतला, एक उचलली, हसला आणि "यल्ला, यल्ला" करत आम्हाला आत ढकललं. स्मिता पुढची दहा मिनिटं नवऱ्याशी बोलली नाही.

स्पृहा थेट जिराफाकडे पळाली. मान ताठ, श्वास रोखलेला. तिथल्या मुलीनं खुराखाली हात फिरवून पाहिलं. केस टेकत होते, अगदी जेमतेम, पण टेकत होते. तिनं स्पृहाच्या मनगटाला हिरवा कागदी पट्टा बांधला. "बाबा! आय टच्ड इट!" स्पृहा जागच्या जागी नाचायला लागली. स्मितानं तिला उचलून घेतलं. मीही टाळ्या पिटल्या. दाजी मात्र खाली बघत होते.

जिराफ फरशीवर उभा होता. पण मुलं उभी राहत होती ती त्याच्यापुढे पसरलेल्या जाड रबरी चटईवर.

दाजी बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं खाली बसले. त्यांच्या बुटांना नाडी नाही. टेप घरी होती, म्हणून त्यांनी पाकिटातून सीपीआर कार्ड काढलं. इथे बहरीनमध्ये सगळ्यांच्या खिशात असतं ते ओळखपत्र. त्याची आखूड बाजू जगात कुठेही चोपन्न मिलिमीटरच असते, हे मला त्याच दिवशी कळलं आणि कळलं नसतं तरी चाललं असतं. कार्ड चटईच्या कडेला उभं लावून त्यांनी डोळा बारीक केला. मग उठून माझ्या कानाशी आले.

"सावनी, अठरा मिलिमीटरच्या वर आहे. वीसच्या आत."

"काय?"

"चटई. पोरगी एकशे अठरा आणि थोडी आहे."

"तुम्ही काहीही पाहिलं नाही, दाजी," मी म्हटलं. "मीही नाही पाहिलं. कार्ड आत ठेवा."

त्यांनी कार्ड आत ठेवलं आणि आम्ही रांगेत लागलो.

रांग नागमोडी आणि लांबलचक होती. स्पृहा पुढे उड्या मारत होती, पट्टा उन्हात धरून बघत होती, अनोळखी मुलांना दाखवत होती. दाजी दोन्ही हात खिशात कोंबून उभे होते. दर थोड्या वेळानं बिबट्या डोक्यावरून किंचाळ्या घेऊन जायचा आणि दाजी मान वर करून बघायचे. स्मिताला काहीतरी खटकलं. तिनं मला कोपर मारलं, मी सांगून टाकलं.

"दोन सेंटिमीटर?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "वर्षभर पोर दूध पितेय, अहो! दोन सेंटिमीटरनं काय होणार आहे?"

"बसल्यावर पुढून लावतात तो लोखंडी दांडा मांडीवर बसला पाहिजे," दाजी म्हणाले. "लहान मूल असेल तर पोटावर येतो, नाहीतर सैल राहतो. कुणीतरी विचार करूनच एकशेवीस लिहिलंय, स्मिता."

"मग तुम्ही शेजारी बसा. धरा तिला घट्ट."

एवढ्यात स्पृहानं मागे वळून त्यांना जीभ दाखवली आणि हसली. दाजीही हसले. त्यांचं असं केविलवाणं हसू मी आधी पाहिलं नव्हतं. मला त्यांची दया आली आणि रागही आला. मनातल्या मनात मी म्हणत होते, एकदा, आयुष्यात एकदाच, सोडून द्या हो दाजी.

आमच्या पुढे दोन कुटुंबं उरली. फाटकापाशी एक सुपरवायझर एकेका मुलाचा दांडा खाली ओढून बघत होते. पन्नाशीचे असतील. छातीवर नाव होतं, नझीर. दाजींनी खिशातून हात बाहेर काढले. स्मितानं त्यांची बाही पकडली, पण ते पुढे गेले होते.

"भाईसाब, वो जिराफ के सामने जो मॅट है..."

नझीरभाईंनी त्यांचं हिंदी एक वाक्यभर ऐकून घेतलं. "मराठी बोला ना साहेब. मी म्हसळ्याचा. मॅट काल टाकली. पाऊस झाला ना, पोरं घसरत होती."

"ती अठरा-वीस मिलिमीटर जाड आहे. जिराफ तिच्यावर नाही, फरशीवर आहे. सगळ्यांची मापं चुकतायत."

नझीरभाईंनी त्यांना खालून वर पाहिलं. "इन्स्पेक्शनवाले हायत काय तुम्ही?"

"नाही," दाजी म्हणाले आणि स्पृहाकडे बोट दाखवलं. "हिचा बाप."

नझीरभाईंनी हात वर करून बिबट्या थांबवायला सांगितलं. "बाप लोक माझ्याकडे येतात ते अर्धा सेंटी सोडा म्हणून भांडायला," ते म्हणाले. "असा कोण येत नाय."

चटई उचलली गेली. पट्टा बांधलेली रांगेतली सगळी मुलं पुन्हा जिराफाकडे नेली. स्पृहा पहिली. खूर आणि तिचे केस यांच्यात बोटभर फट होती. तिनं टाचा उचलल्या नाहीत, हे मला सांगितलंच पाहिजे. कात्रीनं पट्टा कापला तेव्हाही ती सरळ उभी होती. तिच्यामागून आणखी चार मुलांचे पट्टे कापले गेले. एका मुलाच्या आईनं दाजींकडे असं पाहिलं की त्यांच्या जागी मी असते तर जिराफामागे लपले असते. कुणीतरी मागून म्हणालं, "आप को क्या पडी थी, भाई?"

स्पृहा जाऊन कासवाच्या आकाराच्या बाकावर बसली. स्मितानं दशमी पुढे केली, तिनं घेतली नाही. मी शेजारी बसले, ती सरकली. दाजी आले आणि तिच्यापुढे फरशीवरच मांडी घालून बसले. खरं सांगते, त्या क्षणी मला ते मुळीच आवडत नव्हते. लोकांच्या गेजना लाल स्टिकर लावता लावता पोरीलाही लावलं, असं मी त्यांना ऐकवणार होते. शब्द अगदी जिभेवर होते.

"व्हेन डिड यू नो?" स्पृहानं त्यांच्याकडे न बघता विचारलं.

"तुझा पट्टा बांधला तेव्हाच."

"देन व्हाय डिडन्ट यू से?"

दाजी आपल्या हातांकडे बघत राहिले. "तू नाचत होतीस," ते म्हणाले. "तू इतकी आनंदात होतीस की मला सांगवेना. म्हटलं, रांग संपेपर्यंत तरी राहू दे. म्हटलं, कदाचित मी बोलणारच नाही. खूप प्रयत्न केला मी न बोलायचा."

"फॉर फोर्टी मिनिट्स?"

"त्रेचाळीस," दाजी म्हणाले.

स्मितानं कपाळाला हात लावला. स्पृहा हसली नाही. ती वर बिबट्याकडे बघत होती. तो पुन्हा सुरू झाला होता. बराच वेळ बघून मग ती बोलली, आणि बोलली ती मराठीत. तिचं मराठी मोडकं आहे, पण शब्द न शब्द कळला.

"मग त्रेचाळीस मिनिटं बाकीची मुलं वर गेली, बाबा. माझ्याएवढी मुलं. त्यांच्या बाबांना माहीत नव्हतं. तुला माहीत होतं."

ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. स्मिताच्याही नाही. त्या रांगेत आम्ही तिघं मोठी माणसं एका मुलीचं मन सांभाळत उभी होतो, आणि डोक्यावरून गाड्यांवर गाड्या भरून पोरं जात होती. माझ्या जिभेवरचे शब्द मी गिळले. मला माझीच लाज वाटली.

"हो," दाजी म्हणाले. "माझं चुकलं, स्पृहा. लगेच सांगायला हवं होतं."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. स्मितानंही नसावं, कारण ती त्यांच्याकडे बघतच राहिली. तिचे डोळे भरले होते. माझेही.

स्पृहा बाकावरून उतरली. तिनं बाबांचा हात धरून त्यांना ओढून उभं केलं आणि बिबट्याच्या बाहेर पडायच्या दाराकडे न्यायला लागली. दाजी निमूटपणे मागे चालले. आम्ही दोघी त्यांच्यामागे.

"अंकल," तिनं तिथे उभ्या नझीरभाईंना विचारलं, "आधी गेलेली सगळी मुलं नीट उतरली?"

"उतरली, बाळा. सगळी हसत उतरली."

दाजींनी तेव्हा कुठे श्वास सोडला. स्पृहा मात्र जागची हलली नाही.

"तुम्ही मोजलीत?" ती म्हणाली.