बाबांबरोबर पाहिलेली चार कॉलेजं

पदवीनंतर लॉसाठी दिलेल्या सीईटीचा निकाल लागला त्या आठवड्यात माझ्या मैत्रिणी मोबाईलवर लॉ कॉलेजांच्या याद्या बघत होत्या. पहिली दहा, पहिली वीस, कुणाला किती तारे. मीही बघत होते. बाबांनी माझ्या हातातला मोबाईल घेतला, यादी तळापर्यंत सरकवून पाहिली आणि परत दिला.

"कोणी केल्यान ही यादी?"

"माहीत नाय."

"मगे आपण जावन बघूया."

बाबा कुडाळच्या कोर्टाबाहेर टायपिंगचं टेबल लावून बसत. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वारस नोंदीचे कागद. आमच्या वालावल गावाहून सकाळच्या एसटीने जायचे, संध्याकाळी परतायचे. त्यांचा मसुदा इतका नेमका असायचा की नवे वकील आपला अर्ज दाखल करण्याआधी त्यांना वाचायला देत. कलमं त्यांना तोंडपाठ होती. त्यांनी लॉची पदवी घेतली होती हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मग काळा कोट का नाही, असं मी लहानपणी आईला विचारलं होतं. "ता तू तेंका इचारू नको," एवढंच ती म्हणाली. मी विचारलं नाही.

पहिलं कॉलेज पुण्यातलं. जुनी इमारत, मोठी झाडं, जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या. मला ते बघताक्षणी आवडलं. बाबा थेट ऑफिसात गेले आणि खिडकीतल्या कारकुनाला म्हणाले, "नमस्कार. आपल्या कॉलेजची मान्यता कुठल्या वर्षापर्यंत आहे? पत्र बघायला मिळेल का?"

"काका, एवढं जुनं कॉलेज आहे. असं कुणी विचारत नाही."

"मी विचारतोय."

पत्र आलं. बाबांनी ते उभ्याउभ्या पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचलं आणि तारीख वहीत उतरवून घेतली. मग आम्ही ग्रंथालयात गेलो. तिथे त्यांनी करार कायद्याचं एक पुस्तक काढून शेवटचं पान उघडलं. परतीच्या तारखांचा कागद तिथे चिकटवलेला होता. "मागच्या महिन्यात तिघांनी नेल्यानी," ते हळूच म्हणाले. "बरा आसा."

दुसरं कॉलेज एका टेकडीवरचं, नवं. सगळीकडे काच. वकिलीच्या सरावासाठी बांधलेलं खोटं कोर्ट आमच्या कुडाळच्या खऱ्या कोर्टापेक्षा कितीतरी देखणं होतं, पण खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. स्वागतकक्षातल्या बाईंनी आमच्या हातात रंगीत पुस्तिका ठेवली. बाबांनी पत्र मागितलं.

"सर, वेबसाइटवर आहे."

"तिथे मागच्या वर्षाचं आहे. या वर्षाचं?"

"नूतनीकरण प्रक्रियेत आहे."

"प्रक्रियेत म्हणजे अर्ज कधी केला?"

त्या आत गेल्या. टाय लावलेले एक गृहस्थ बाहेर आले. बाबांनी तोच प्रश्न पुन्हा, तितक्याच सावकाश विचारला. सोफ्यावर बसलेले बाकीचे पालक आमच्याकडे बघायला लागले होते. बाबांच्या पायात चपला होत्या आणि हातात कापडी पिशवी. एका मुलीने आपल्या आईच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी हसल्या. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर मी बोलून गेले, "तुमका वकील होवक गावला नाय, म्हणान सगळी कॉलेजा खोटी आसत काय?"

बाबा रागावले नाहीत. पिशवी खाली ठेवून पायरीवर बसले. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या कुणाचा तरी अर्ज वाचून दाखवावा, तसं.

ते लांबच्या एका शहरात शिकत होते. दिवसा छापखान्यात काम, संध्याकाळी कॉलेज. तीन वर्षांनी पहिल्या वर्गात पास झाले. आजोबांनी वाडीत पेढे वाटले. बाबांनी कोट शिवून घेतला आणि वकिलीच्या सनदेचा अर्ज भरायला कचेरीत गेले. तिथल्या माणसाने एक यादी काढली, बोट फिरवलं आणि फाइल मिटून परत दिली. कॉलेजची मान्यता मधल्या वर्षी संपली होती. पदवी पदवी म्हणून खरी, पण त्यावर सनद मिळणार नाही. कॉलेजला हे माहीत होतं. मुलांना कुणी सांगितलं नव्हतं. वर्गातल्या काहींनी दुसरीकडे पहिल्या वर्षापासून पुन्हा सुरुवात केली. बाबांना ते जमलं नाही, कारण तोवर आजोबांनी अंथरूण धरलं होतं.

"मी घराक इलंय," ते म्हणाले. "कोर्टाच्या जवळ बसाक गावला, ताच बरा झाला."

"आणि कोट?"

"तुझ्या काकान लग्नात घातल्यान."

ते जरासे हसले. मला हसता आलं नाही. मी माफी मागायला हवी होती, पण तेवढ्यात खाली बस दिसली आणि आम्ही घाईने उतरलो.

तिसरं कॉलेज कोल्हापूरचं. तिथे पत्र मी मागितलं. ते वाचून बाबांकडे दिलं आणि उपाहारगृहात जाऊन शेवटच्या वर्षाच्या एका मुलीजवळ बसले. तिने काही लपवलं नाही. दोन विषयांना कायमचे शिक्षक नाहीत. वसतिगृहात पाण्याची बोंब. पण एक मॅडम मुलांना दर आठवड्याला जिल्हा कोर्टात नेतात, दिवसभर मागच्या बाकावर बसवतात आणि जे घडलं ते त्यांच्याकडून लिहून घेतात. कॉलेजातच गावोगावचे लोक मोफत सल्ल्याला येतात आणि मुलं त्यांचे कागद वाचतात. हे सगळं मी बाबांना सांगितलं. ते खाली बाकावर बसून होते. ग्रंथालय दुसऱ्या मजल्यावर होतं.

"तू बघून ये," ते म्हणाले. "माका आज चढ नको."

मला वाटलं, प्रवासाचा शीण असेल. मी वर जाऊन पुस्तकांची शेवटची पानं बघून आले.

चौथं आमच्याच जिल्ह्यातलं, एसटीने तासाभरावरचं. लहान, चार-पाच वर्गांचं, पण कागदपत्रं चोख आणि शिक्षक प्रत्येक मुलाला नावाने ओळखणारे. पुस्तकं मात्र थोडी होती आणि कोर्ट लांब. तिथल्या प्राचार्यांनीच बाबांना विचारलं, "तुमचे डोळे पिवळे दिसतायत. डॉक्टरला दाखवलंत?"

कुडाळच्या डॉक्टरांनी आम्हाला गोव्याच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे आईला आणि मला एका खोलीत बसवून सांगितलं की स्वादुपिंडात गाठ आहे आणि ती काढण्याच्या पलीकडे गेली आहे. किती दिवस, असं आईने विचारलं नाही. मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, पावसाळा संपेपर्यंत कदाचित.

त्याच आठवड्यात पसंतीक्रम भरायचा होता. बाबांच्या वहीतला क्रम ठरलेला होता. आधी पुणे, मग कोल्हापूर, मग जिल्ह्यातलं. टेकडीवरचं खोडलेलं. मी कुणाला न सांगता जिल्ह्यातलं पहिल्या नंबरवर टाकलं आणि अर्ज पक्का केला. दोन दिवसांनी त्यांनी छापील प्रत मागितली. पडवीत आरामखुर्चीत बसून त्यांनी ती मसुदा वाचावा तशी वाचली.

"हयसर चूक झाली हा."

"चूक नाय, बाबा."

त्यांनी कागद मांडीवर ठेवला. "माझ्यासाठी जवळचा घेतलंस. मी गेल्यार ता कोणाक जवळचा?"

आई उठून आत गेली. मी रडायला लागले. त्यांनी मला जवळ घेतलं नाही की समजूत काढली नाही. पेन मागून घेतलं आणि त्या कागदावर क्रमांक पुन्हा घातले. अर्ज आता बदलता येणार नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

पहिल्या फेरीत मला जिल्ह्यातलं कॉलेज मिळालं. तीन आठवडे मी जाऊन-येऊन शिकले. परत आले की बाबा खाटेवरून विचारत, "आज काय झाला?" करार कायदा सुरू होता. प्रस्ताव म्हणजे काय, स्वीकार कधी पुरा होतो. ते गावातली उदाहरणं देत. काजूची बाग विकणारा, पत्र पोचण्याआधी मन बदलणारा. मधेच थकून डोळे मिटत आणि काही वेळाने तिथूनच पुढे सुरू करत. इतकं नीट मला पुढे कुणी शिकवलं नाही. हे मी बाकीच्या शिक्षकांबद्दल आदर ठेवूनच सांगते.

श्रावणात, एका दुपारी, ते गेले. आई त्यांना पेज भरवत होती. मी वर्गात होते.

सुतकाच्या सहाव्या दिवशी दुसऱ्या फेरीसाठी पसंतीक्रम नव्याने भरायची मुदत संपत होती. शेजारच्या काकी म्हणाल्या, सुतकात नवं काही करू नये. आई माझ्याजवळ येऊन बसली आणि मोबाईलच्या पडद्याकडे बघत म्हणाली, "कर." मी पुणे पहिलं टाकलं, कोल्हापूर दुसरं. कोल्हापूर मिळालं. बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता आणि मी आईला त्या घरात एकटीला ठेवून निघाले. एसटीत बसल्यावर मी खिडकीतून हात केला. तिने केला नाही. पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली.

पाच वर्षं झाली. उपाहारगृहातल्या त्या मुलीने सांगितलेलं सगळं खरं निघालं, पाण्याचंही. तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा झाला, मागच्या वर्षी सनद मिळाली आणि मी कोल्हापुरातच एका ज्येष्ठ वकीलबाईंच्या हाताखाली काम करते. कुडाळला का आली नाहीस, असं गावात विचारतात. बाबांचं टेबल असायचं त्या कोर्टाच्या आवारात मला अजून जाववत नाही. हे खरं कारण मी कुणाला देत नाही.

पहिल्यांदा एक प्रकरण माझ्या एकटीकडे आलं, तेव्हा आई ते ऐकायला आली. अकरापासून मागच्या बाकावर बसून होती. जेवणाच्या सुट्टीनंतर आमचा पुकारा झाला. समोरच्या वकिलांनी मुदत मागितली, मी हरकत घेतली, न्यायाधीश साहेबांनी पुढची तारीख दिली. दोन मिनिटांत संपलं.

"झाला?" बाहेर आल्यावर तिने विचारलं.

"तारीख पडली."

"तू बोललंस काय?"

"बोललंय. थोडा."

"माका काय ऐकाक इला नाय." ती व्हरांड्याच्या कठड्याला टेकली. ये-जा करणाऱ्या काळ्या कोटांकडे बघत म्हणाली, "तेंका समाजला असता."

मी तिला बाकावर बसवलं. तिने पिशवीतून डबा काढला, आंबोळ्या आणि चटणी. मी दोन खाल्ल्या, तिने एक खाल्ली, आणि डबा बंद करत म्हणाली, "चल, चारची एसटी आसा."