बाईंचा बिनटोकाचा मफलर

पैज बाईंनीच लावली, लेकीनं नव्हे. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे काही झालं त्याचा बोल दुसऱ्या कुणाला लावायची सोय बाईंना राहिली नाही.

झालं असं, की बाईंनी दुधाचं पातेलं पुन्हा जाळलं. दूध उतू जाणं वेगळं, ते कुणाच्याही हातून जातं. हे पातेलं पार कोळसा झालं, जिन्यात धूर कोंडला, आणि बाई आतल्या खोलीत खिडकीशी बसून निवांतपणे लोकरीचा गुंडा गुंडाळत होत्या. दार नुसतं ओढलेलं होतं म्हणून बरं. खालचा चावीवाला खोकत खोकत वर आला, त्यानं गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. याच चावीवाल्यानं मागे एकदा बाईंचं कुलूप उघडून दिलं होतं. किल्ली आत, बाई बाहेर. तेव्हा "कुणाला सांगू नका हं," म्हटल्यावर त्यानं गपचूप मान डोलावली होती. या वेळी त्यानं सरळ लेकीला फोन लावला आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं. अगदी त्या कुलपासकट.

लेक चष्म्याच्या दुकानात कामाला. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवताना जो हळू, गोड, समजावणीचा आवाज लागतो, तो काढूनच ती दारात उभी राहिली. बाईंचं डोकं तिथेच फिरलं.

"आई, तू आता आमच्याकडे चल. कायमची."

"का? मला काय धाड भरलीये?"

"अगं, धूर झाला होता घरात!"

"स्वयंपाकघर आहे ते. धूर नाही तर काय अत्तर येणार?"

"आणि किल्ली विसरलीस ते?"

बाईंनी मनातल्या मनात चावीवाल्याला एक शेलकी शिवी हासडली. लेकीचं घर काही वाईट नव्हतं. जावई भला माणूस, नात तर जीव की प्राण. पण तिथे गेलं की सगळे बाईंशी मोठ्यांदा आणि सावकाश बोलायचे, चहा हातात आणून द्यायचे, आणि गॅसला हात लावू द्यायचे नाहीत. दोन दिवस ते लाड वाटतात. जन्मभर म्हणजे शिक्षाच की. आपल्या दाराला आपण आतून कडी लावायची, मनात येईल तेव्हा उठून आपला चहा आपण करायचा, एवढंच बाईंना हवं होतं, आणि तेच आता हातचं जायची वेळ आली होती. आपली धास्ती लेकीला दिसू नये म्हणून त्या आणखी चढ्या आवाजात बोलल्या.

"तुझ्या लेकीला तो मफलर हवाय ना? टोकं नसलेला, गोल, सगळ्या रंगांच्या पट्ट्यांचा? रविवारपर्यंत विणून देते. त्यात चूक निघाली तर बॅग भरून माझ्या पायांनी तुझ्या घरी येईन. नाही निघाली तर हा विषय मी मरेपर्यंत तू काढायचा नाहीस. आहे कबूल?"

लेकीनं विचार केला. ज्याचं डोकं ठिकाणावर नाही त्याला असलं किचकट काम जमायचं नाही, आणि जमलं तर आपल्याही जिवाला घोर नाही. "कबूल," ती म्हणाली, आणि जाताना गॅसची कळ दोनदा बघून गेली. बाईंना ते दिसलं. बाई तणतणत सुया शोधायला लागल्या.

आता बाई म्हणजे कोण, ते सांगायला हवं. गल्लीत त्यांना नावानं कुणी ओळखत नसे. विणकामाच्या बाई, बस. यजमान बसच्या कारखान्यात मेकॅनिक होते. लेक चालायलाही लागली नव्हती तेव्हा ते गेले. बाईंना विणण्याशिवाय काही येत नव्हतं, म्हणून त्यांनी बाहेरच्या खोलीत खुर्च्या मांडल्या आणि क्लास काढला. तो क्लास थेट गुडघे बोलायला लागेपर्यंत चालला. नव्या नवऱ्या शिकल्या, त्यांच्या सासवा शिकल्या, एक निवृत्त पोस्टमन शिकला आणि त्यानं सगळ्या सासवांना मागे टाकलं. बाईंचा तोंडाचा पट्टा असा, की चुकलेलं विणकाम दाखवायला बायका एकमेकींना पुढे ढकलायच्या. "डोळे काय घरी खुंटीला टांगून आलात?" हे तर रोजचंच. शिकली नाही ती एक लेक. लहानपणी तिच्या खेळण्यांच्या जागेवर कायम कुणीतरी परकी बाई लोकर घेऊन बसलेली असायची. तिला त्या सुयांचा जो तिटकारा बसला तो बसलाच. सुलटा टाका कुठला आणि उलटा कुठला, हे तिला आजतागायत ठाऊक नाही.

गोल विणायचं असलं की बाई सगळा वर्ग थांबवायच्या. गोल सुई म्हणजे दोन टोकं आणि मध्ये नायलॉनची दोरी. तिच्यावर टाके घालायचे, आणि मग पहिला टाका शेवटच्याला जोडून गोल फिरत राहायचं. शिवण नाही, टोक नाही, सरळ काम. घात होतो तो जोडताना. टाक्यांची माळ दोरीभोवती कुठेतरी एक वेढा घेऊन बसलेली असते, आणि तशीच जोडली की त्या गोलात कायमचा पीळ पडतो. पहिल्या फेरीत कळलं तर सोडवता येतो. नंतर कळलं तर उसवण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून बाईंचा नियम होता: जोडायच्या आधी सुई टेबलावर ठेवायची आणि टाक्यांच्या खालच्या काठावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोट फिरवून बघायचं. त्या स्वतः प्रत्येकीच्या सुईवरून बोट फिरवायच्या. त्यांच्या देखत एकाही बाईचा पीळ पडला नव्हता, आणि त्यांच्या स्वतःच्या हातून तर पडायचा प्रश्नच नव्हता.

बुधवारी दुपारी बाईंनी विणकाम पहिल्यांदा टेबलावर पसरलं. लाल पट्टा झाला होता, पिवळा झाला होता, निळा अर्ध्यावर होता. तोवर सगळं मांडीवर गोळा होऊन पडलेलं, आणि दोरीवर इतकं दाटून बसलेलं की काही दिसायची सोयच नव्हती. बाईंनी काठ सरळ केला. थोडं पुढे तो आत वळला. त्यांनी तिथे सरळ केला, तर मागे वळला. त्यांनी सबंध गोल हातानं फिरवला, आणि तो वेढाही हातासरशी गोल फिरत गेला.

पीळ पडला होता.

मग त्यांना राग आला, आणि रागानं जरा बरं वाटलं. टाके घालत असताना फोन वाजला होता, तोच नतद्रष्ट फोन! लेकच बोलत होती, जेवलीस का म्हणून. माणसाला धड काम करू देतील तर शपथ! बाईंनी सुई सर्रकन ओढून काढली आणि तीन रंग भराभर उसवले. लोकर नागमोडी होऊन जमिनीवर पडली. त्यांनी दाराला कडी लावली, फोन उशीखाली कोंबला, आणि पुन्हा टाके घातले.

आता वेळ कमी. बाई बसल्या त्या उठेनात. लाल, पिवळा, निळा, हिरवा. फेरीची सुरुवात दाखवायला सुईत अडकवलेली कडी आली की रंग बदलायचा, जुना धागा आत सोडायचा, नवा घ्यायचा. मान अवघडली, अंगठ्याचं टोक सुईनं सोलवटलं. चहा केला की गॅसपाशी उभं राहून, कळ बंद करून, कळीला पुन्हा हात लावून मगच त्या हलायच्या. खुर्चीत बसल्यावर वाटायचं, केली ना बंद? की पुन्हा उठायचं. स्वतःच्याच घरात अशी पाळत ठेवून वावरायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती. त्या स्वतःवरच वैतागल्या.

शनिवारी नारिंगी पट्टा संपला, जांभळा तेवढा राहिला. काम भराभर झालं होतं, सुबक झालं होतं, एकही टाका सैल नव्हता. बाईंना सुचलं की वर्गाला दाखवायच्या तसं एकदा मांडून बघावं. त्यांनी टेबल पुसलं. विणकाम पसरलं.

वेढा तिथेच होता.

बाईंनी खुर्ची ओढून घेतली. या खेपेला फोन नव्हता. दाराला कडी होती. कुणावर चिडायचं म्हटलं तर माणूस शिल्लक नव्हतं. आपण बोट फिरवलं होतं, हे त्यांना स्वच्छ आठवत होतं. टेबल आठवत होतं, बोटाखालचा काठ आठवत होता, अगदी बोटाला लागलेली लोकरीची लवही आठवत होती. पण ती लव पांढरी होती. आणि त्यांनी टाके घातले होते लाल.

म्हणजे हे आठवतंय ते बुधवारचं नव्हे. कुठल्यातरी जुन्या दिवसाचं. शेकडो वेळा फिरवलेलं ते बोट, त्यातलंच एखादं येऊन बुधवारच्या जागी बसलं होतं, आणि बुधवार मात्र डोक्यात नव्हताच. बाईंनी डोळे मिटून खूप शोधला. काहीच सापडलं नाही.

उसवून पुन्हा विणायला वेळ नव्हता. बाईंनी जांभळा पट्टा विणला, टाके बंद केले, आतले धागे सुईनं ओवून टाकले, आणि मफलर ओल्या फडक्याखाली दाबून सपाट केला. चुकीचं विणकाम जाणूनबुजून पुरं करायची ही त्यांची पहिलीच वेळ, आणि त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

रविवारी लेक आली. बाईंनी मफलर घडी करून पुढे ठेवला. हात पदराखाली घेतले.

लेकीनं घडी उलगडली. उजेडाकडे धरून तिनं पट्टे बघितले, ताणून बघितलं, आतल्या बाजूनं धागे लोंबतायत का बघितलं. दुकानात काच तपासते तसं तपासत होती कारटी! लेकीची बोटं काठावरून सरकत सरकत त्या वेढ्यापाशी आली आणि थांबली.

"आई, इथे हे असं वळलंय ते?"

लेकीनं मफलर गळ्यात घातला, दुहेरी केला, आरशापुढे गेली, आणि एकदम तिचा चेहरा उजळला.

"अच्छा, मुद्दाम दिलायस होय पीळ! दुकानात हल्ली असलेच मिळतात. किती छान बसतो गं गळ्यात!"

"मुद्दामच," बाई म्हणाल्या. "नाहीतर नुसती नळी दिसते."

लेक हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "मीच मूर्ख. चार दिवस झोप नाही मला. वाटलं, तुझं आता... जाऊ दे. तुझं डोकं माझ्यापेक्षा शाबूत आहे. मी हरले, बाई. राहा तू इथे. पुन्हा विषय काढणार नाही."

तिनं बाईंच्या गळ्यात हात टाकले. मग चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. या खेपेला लेक उठली ती गॅसकडे न बघताच निघाली. नातीला कधी एकदा मफलर दाखवीन असं तिला झालं होतं. जिन्यावर तिची पावलं हलकी वाजायला लागली.

बाईंनी दार लावलं. कडी घातली. जिंकले, त्या स्वतःशी म्हणाल्या. खुर्ची आपली, खिडकी आपली, चहा आपला. त्या खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि आनंद व्हायची वाट बघू लागल्या.

आनंद काही होईना. एकच गोष्ट डोक्यात येत होती. आता लेक फोन करणार नाही. म्हणजे करेल, पण जेवलीस का, गॅस बंद केलास का, हे विचारणार नाही. जावयाला सांगेल, आई ठणठणीत आहे. चावीवाल्याला सांगेल, काळजी करू नका. सगळे निर्धास्त होतील. पुढचा बुधवार हरवला, त्याच्या पुढचा हरवला, तरी कुणाला पत्ता लागणार नाही. आपल्याला सुद्धा लागणार नाही. चूक झाली आहे हे जगात एकट्या आपल्याला माहीत आहे, आणि उद्या आपणही ते विसरू.

बाईंना कडी सापडेना. म्हणजे हात कडीवरच होता, पण तो धडपणे चालेना. शेवटी ती निघाली. बाई अनवाणी जिन्याच्या तोंडाशी आल्या आणि कठडा धरून खाली ओरडल्या.

"अगं ए! थांब!"

लेक खालच्या वळणावर थांबली. मफलर तिच्या गळ्यातच होता. "काय गं? काही राहिलं का?"

"मुद्दाम नाही दिलेला तो!"

"काय?"

"पीळ! चुकलाय तो! एकदा उसवला, तरी पुन्हा तसाच झाला." खाली चावीवाल्याची कानस वाजायची थांबली होती. थांबू दे, ऐकू दे मेल्याला. "मी तपासलं होतं की नाही, तेच मला आठवत नाहीये. सबंध दिवसच आठवत नाहीये गं!"

लेक वर बघत राहिली. आयुष्यभर जिनं दुसऱ्यांच्या चुका काढल्या ती आई जिन्यात उभी राहून आपली चूक ओरडून सांगत होती.

"मी जिंकले नाही," बाई म्हणाल्या. आवाज आता अगदी बारीक झाला होता. "मला भीती वाटते. मला एकटीला सोडून जाऊ नकोस."

लेक पायऱ्या चढायला लागली.