स्टॅटिकचं सोवळं

कळव्याच्या खाडीकाठी, आता तीन बाजूंनी टॉवरनी घेरलेल्या कोळीवाड्यात, सुदेशभाऊंचं घर आहे. तिथे जायचं असेल तर एक नियम पाळावा लागतो. चपला दाराबाहेर काढायच्या, ते सगळीकडेच असतं. इथे उंबरा ओलांडला की आधी खिडकीच्या लोखंडी ग्रिलला हात लावायचा, मग देवाला नमस्कार, मग पाणी. भाऊंची बायको शीला, तिची एक मामी पहिल्यांदा आली तेव्हा ग्रिलला हात लावून तोच हात तिने भक्तिभावाने डोळ्यांना लावला आणि हळूच विचारलं, "कुठला देव गं बसवलाय खिडकीत?"

देव नाही मामी, स्टॅटिक.

स्टॅटिक म्हणजे अंगात साठून राहणारी वीज. थंडीत लोकरीचा स्वेटर काढताना चटचट होतं ना, तीच. माणसाचं ती काही वाकडं करत नाही, पण कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवरची सर्किटची पट्टी तेवढ्यानेही जळू शकते. म्हणून डिस्कला हात लावण्याआधी लोखंडाला हात लावायचा, ती वीज तिथे उतरवून टाकायची. हे शास्त्र खरं आहे, त्याबद्दल कोणाचा वाद नाही. फक्त ते कोरड्या हवेचं शास्त्र आहे. भाऊंच्या घरात बारा महिने मिठाला पाणी सुटतं, पापड तळून ताटात येईपर्यंत मऊ पडतो, कपाटाच्या बिजागऱ्या दर वर्षी नव्या घ्याव्या लागतात. अशा घरात स्टॅटिक आली असती तर बिचारी दमटपणानेच आजारी पडली असती. पण भाऊ पहाऱ्याला बसलेले. चोर कुठून येतोय ते न बघता दाराला कुलपांवर कुलपं लावणारी माणसं असतात, त्यांतले आमचे भाऊ.

त्यांचा धंदा कॉम्प्युटर मेंटेनन्सचा. खोपटच्या बाजूची दहा-वीस ऑफिसं, दोन पतपेढ्या, एक क्लास. उमेदवारीच्या दिवसांत एका एसी ऑफिसात, गालिच्यावर टेरिकॉटची पँट घासत ते गेलेले आणि साहेबांची डिस्क हातात घेताच चट्ट आवाज झालेला. डिस्क तिथेच गेली. साहेबांनी सगळ्या स्टाफसमोर जे ऐकवलं ते भाऊ अजून विसरलेले नाहीत. त्या दिवसापासून नायलॉन, टेरिकॉट, लोकर, थर्माकोल हे सगळे त्यांचे जन्माचे वैरी झाले. मनगटाला वायरचा पट्टा बांधून, त्याचं टोक ग्रिलला अडकवून ते कामाला बसत. खुंटीला बांधल्यासारखे दिसत, पण त्यांना कोण सांगणार?

"याला इजेचं भूत लागलंय," त्यांचे वडील दामाजी म्हणायचे. "आमी जलमभर खाडीन जाली टाकली, आमाला नाय कवा झटका लागला."

"बाबा, तुम्हाला त्यातलं कळत नाही," भाऊ म्हणायचे. बापाला हे वाक्य ऐकवायची सोय झाली की मुलगा शिकला असं समजायचं.

आता हे सगळं सोवळं चालायचं कशासाठी, ते सांगायला हवं. दामाजींची बहीण आवडाबाई, म्हणजे भाऊंची आते, धवलारीण होती. कोळ्यांच्या लग्नात धवलारणीचा मान मोठा. मांडवाचा खांब रोवण्यापासून नवरी सासरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, त्याला म्हणायचं धवला, ती गाते आणि मागे बसलेल्या बाया उचलतात. भटजी आला नाही तर लग्न जरा उशिरा लागेल, पण धवलारीण आली नाही तर लागायचंच नाही, असं जुनी माणसं म्हणतात. आवडाबाईला सगळं पाठ होतं. कागदावर एक अक्षर नाही, तिला लिहायला यायचंच नाही. तरुणपणी विधवा होऊन भावाकडे आली, मासळी विकली, आणि कळव्यापासून दिव्यापर्यंत कोणाचंही लग्न असो, पुढे बसून गायली.

ती थकायला लागली तेव्हा भाऊंना सुचलं की हे रेकॉर्ड करून ठेवलं पाहिजे. कल्पना लाखमोलाची, अगदी खरं. कौतुक करावं तिथे करायलाच हवं. पण भाऊ ते, साधेपणाने करतील तर शप्पथ! आतेला नायलॉनचं लुगडं बदलून सुती नेसायला लावलं. पंखा बंद. हातातल्या प्लास्टिकच्या बांगड्या उतरवल्या. गाण्याआधी ग्रिलला हात, चहा पिऊन आली की पुन्हा ग्रिलला हात.

"अरं, मना लगीन लावायचंय का इजेला शेकायचंय?" आते करवादायची. पण गायची. आठवडेच्या आठवडे, रोज दुपारी, खांबापासून पाठवणीपर्यंत ती सगळं गायली. मध्येच थांबून डोळे पुसायची, कारण एखादा धवला तिने स्वतःच्याच लग्नात ऐकलेला असायचा.

ते सगळं भाऊंनी एका डिस्कमध्ये भरलं आणि कॉम्प्युटरवरून पुसून टाकलं. "चार ठिकाणी ठेवलं की चार ठिकाणी बिघडतं," हे त्यांचं तत्त्वज्ञान. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण त्यांनी हार्ड डिस्कला लावली. डिस्क चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीत, पिशवी पुठ्ठ्यात, पुठ्ठा पितळेच्या डब्यात आणि डबा देव्हाऱ्याखालच्या कपाटात. शिवायचं नाही. शीलाने एकदा धूळ पुसायला डबा उचलला तर भाऊ असे धावले की वाटावं, तिने गॅसवर पोरगं ठेवलंय.

गंमत पुढेच आहे. पाड्यात बातमी झाली की आतेचं सगळं गाणं डिस्कमध्ये आहे. झालं! मागे बसून धवले उचलणाऱ्या बाया निवांत झाल्या. पूर्वी लग्नाच्या आधी त्या आतेकडे येऊन बसायच्या, अडलेली ओळ विचारून घ्यायच्या. आता कशाला? सुदेशकडे आहे की सगळं. सोनल म्हणून शेजारची एक सून होती, गळ्याची चांगली. तिने तेवढं विचारलं, "भाऊ, पेनड्राइव्ह देते, कॉपी द्या ना."

"पेनड्राइव्ह कोणाच्या मशीनला लागून आलाय, काय माहीत! व्हायरस आला म्हणजे?"

"मग मोबाइलवर पाठवा."

"सोनलताई, हा आपल्या समाजाचा ठेवा आहे. असा वाटत सुटायचा नसतो."

समाजाचा ठेवा समाजाला मिळू द्यायचा नाही, एवढं शहाणपण एका माणसात आलं कुठून, देव जाणे. सोनल पुन्हा आली नाही.

भाऊंची मुलगी दक्षता मात्र हट्टी. कॉलेजला जायला लागल्यापासून तिचं एकच चाललेलं. "बाबा, मला रोज एक धवला ऐकू द्या. मला शिकायचंय."

"रोज डिस्क लावायची, रोज काढायची? प्रत्येक वेळी रिस्क असते, कळतं का तुला?"

"मग ती ठेवलीय कशाला?"

"जपायला!"

दक्षता आतेकडे गेली. आतेचा श्वास तोवर दोन ओळींनंतर तुटायला लागलेला. ती पोरीच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "बाय, तुझ्या बापान माजा सगला गाना डबीन भरून ठेवलाय. मना आता नाय गो आठवत." तरी दोघी बसायच्या. एका पावसाळ्यात आते गेली, तेव्हा दक्षताला मांडवाच्या खांबाचा धवला तेवढा पुरता येत होता, बाकीचे अर्धेमुर्धे.

आतेच्या दिवसांना आलेल्या माणसांपुढे भाऊ हुंदके देत सांगत होते, "शरीर गेलं, पण आते माझ्याकडे आहे. सेफ आहे." माणसं म्हणाली, भाग्यवान आहात. दक्षता तेव्हाच म्हणाली, "बाबा, एकदा लावा ना, आवाज ऐकू." भाऊ म्हणाले, पावसात विजा होतात, लाइट वर-खाली होते, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर हवा कोरडी म्हणजे स्टॅटिक जास्त. डिस्कला मुहूर्त लागेना. भटजीसुद्धा इतका अडून बसत नाही हो!

मग यंदा दक्षताचं लग्न ठरलं. मुलगा शीळफाट्याच्या बाजूचा, माणसं चांगली. हळदीला डीजे पाहिजे म्हणून सगळे मागे लागले तर पोरगी म्हणाली, "डीजे लावा नाहीतर हत्ती आणा. पण विधीला मला आतेचे धवले पाहिजेत. मांडवात आतेचा आवाज पाहिजे. बाकी काहीच मागत नाही." हे म्हणताना ती रडली. भाऊंनाही भरून आलं. इतकी वर्षं जपल्याचं चीज झालं असं त्यांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी ते राजासारखे दिसत होते.

रविवारी दुपारी डबा निघाला. भाऊ सुती सदऱ्यात, मनगटाला पट्टा, पट्टा ग्रिलला. सगळ्यांनी ओळीने ग्रिलला हात लावला. दामाजींनीही लावला, त्यांना कोणाशी वाद घालायची ताकद उरलेली नाही. पिशवीतून डिस्क निघाली, वायर लागली, दिवा पेटला. आणि आतून आवाज आला. टक. टक. टक. मग खर्रर्र.

भाऊंनी वायर काढली, पुन्हा लावली. टक. टक. 

डोंबिवलीत प्रीतम नावाचा एकजण गेलेला डेटा काढून देतो. त्याच्या दुकानात भाऊ डबा पोटाशी धरून गेले. प्रीतमने नायलॉनचं जॅकेट घातलेलं, आणि कुठल्याही लोखंडाला हात न लावता त्याने सरळ डिस्क उचलली. 

"साहेब, शेवटची कधी लावलेली?"

"भरली तेव्हा."

"म्हणजे इतकी वर्षं फिरवलीच नाही?" प्रीतमने सर्किटच्या पट्टीवरचे हिरवे डाग दाखवले. "ही बघा, खाऱ्या हवेने खाल्लीय. आतली सुई तबकडीला चिकटून बसली आणि तुम्ही करंट दिल्याबरोबर ओरखडत गेली."

"स्टॅटिकने नाही ना?" भाऊंनी विचारलं. घर जळालं तरी आग आपल्या चुलीची नव्हती, एवढं ऐकायचं असतं माणसाला.

"स्टॅटिक कुठून? तिथे तर मीठही कोरडं राहत नसेल. ते सोडा, दुसऱ्या कॉपीवरून काढून देतो. कुठेय दुसरी?"

भाऊंनी रिकाम्या डब्याचं झाकण लावलं. 

प्रीतमने डिस्क कुठल्या मोठ्या लॅबला पाठवली. हळदीच्या आदल्या आठवड्यात त्याचा फोन आला. सगळं गेलं होतं, एक छोटी फाइल तेवढी धड निघालेली. ती त्याने मोबाइलवर पाठवली, एका सेकंदात आली, ना पट्टा लागला ना पिशवी. भाऊंनी एकट्याने ऐकायची हिंमत केली नाही. त्यांनी सगळ्यांना बोलावलं. दक्षता बापाला एक शब्द बोलली नव्हती इतके दिवस, तीही येऊन बसली. बोलली असती तर बरं, असं भाऊंना रोज वाटत होतं.

फाइल सुरू झाली. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग आतेचा खाकरा, गळा मोकळा करतानाचा, आणि दक्षताने तोंडावर ओढणी धरली. आतेने धवल्याचा पहिला सूर लावला, नुसता सूर, शब्द अजून यायचे होते.

"आते, थांब!" हा भाऊंचा आवाज. "माइकला हात लागला तुझा. आधी ग्रिलला लाव. नाही, दोन्ही हात. आता बस. नको, गाऊ नको अजून. पंखा बंद व्हायचाय. नको म्हणतो ना! मी सांगेन तेव्हा."

पंख्याची घरघर थांबली. मग आते म्हणाली, राग नाही की काही नाही, अगदी शांतपणे, "मंग गाऊ कवा रं?"

आवाज थांबला.

दामाजींना अलीकडे कमी ऐकू येतं, पण बहिणीचा आवाज त्यांना बरोबर ऐकू आला. ते सरसावून बसले आणि मोबाइलकडे झुकून म्हणाले, "गा गो आवडे, आता गा. पोरीचं लगीन हाय."

फाइल तेवढीच होती.